मागच्या सीटवरचा कान

मिस्त्रींनी डॅशबोर्डच्या फटीत लाकडाची पातळ पट्टी सारली, अंगठ्याने हळूच दाब दिला आणि श्वास रोखला. जुन्या गाडीच्या प्लास्टिकच्या क्लिपा म्हाताऱ्याच्या दातांसारख्या असतात. जोर केला की हातात येतात. आतून ‘कट्’ असा बारीक आवाज आला.

“मोडली?” गाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या निवेदिकेने विचारलं.

“सुटली.”

“नक्की ना?”

“मोडली असती तर मी आधी स्वतःला एक शिवी घातली असती. तुम्ही ऐकलीत का?”

“नाही.”

“मग सुटलीच.”

ती हसली, पण दारापासून हलली नाही. ती रेडिओवर सकाळच्या बातम्या वाचायची. दोन दिवसांपूर्वी गाडी दाखवायला आली असताना तिने गल्लीच्या तोंडाशी थांबून पत्ता विचारला, तेव्हा शेजारचा टायरवाला हातातलं टायर सोडून पुढे आला होता आणि पत्ता सांगायच्या आधी म्हणाला होता, “अहो, तुम्हाला तर आम्ही रोज दात घासताना ऐकतो.”

गाडी तिच्या आत्याची होती. आत्याने तिला याच गाडीवर चालवायला शिकवलं आणि डोळे अधू झाल्यावर किल्ली तिच्या हातात ठेवली. ठेवताना एकच बजावलं, की गाडी हवी तशी वापर, पण तिचा आवाज बिघडवू नकोस. आवाज म्हणजे इंजिनाचा नव्हे. हे मॉडेल काढताना कंपनीने आवाजावर जीव ओतला होता. चारी दारांत स्पीकर, समोरच्या काचेखाली दोन छोटे, आणि चालकाच्या सीटखाली वेगळा अँप. हल्लीच्या गाड्यांत याच्या दुप्पट स्पीकर असतात आणि निम्मासुद्धा गोडवा नसतो, असं मिस्त्रींचं मत होतं. ते हे मत न विचारताही सांगत.

बाकी सगळं ठणठणीत होतं, फक्त डॅशबोर्डातला मूळ स्टिरिओ गेला होता. कॅसेट घातली की गिळायचा आणि परत द्यायचं नाव घ्यायचा नाही. तिला त्या जागी फोन जोडता येईल असा नवा स्टिरिओ हवा होता. पण स्पीकर तेच, अँप तोच, आणि कंपनीची एकही तार कापायची नाही. आधीच्या एका दुकानात तिला सांगितलं होतं, “हे सगळं भंगारात टाका, नवं बसवून देतो.” दुसऱ्या दुकानात पक्कड घेऊनच माणूस पुढे आला होता. ती तिथून गाडी मागे घेत जी निघाली ती इथे आली.

“इथे कोणीतरी काकू गाडी ऐकतात म्हणे,” ती म्हणाली.

“ऐकतात.” मिस्त्रींचे हात क्षणभर थांबले. मग त्यांनी पुढची क्लिप शोधायला सुरुवात केली.

जुना स्टिरिओ बाहेर आला तसा त्यामागचा अंधार दिसला. मिस्त्रींनी कपाळावरची बॅटरी पेटवून आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिले. मग निवेदिकेला बोलावलं.

“या, बघा. कापा म्हणणाऱ्याला हे दाखवायला हवं होतं.”

तारांची जुडी कापडी टेपने गुंडाळलेली होती आणि जिथे वळत होती तिथे तिला एक सैल वेढा दिलेला होता. वेढ्याची काही गरज नव्हती. त्याच्याशिवायही प्लग पोचला असता.

“हा कशाला ठेवलाय?”

“माझ्यासाठी,” मिस्त्री म्हणाले. “ज्याने कुणी कारखान्यात ही जुडी बसवली, त्याला ठाऊक होतं की कधीतरी कोणीतरी हे उघडणार. त्याची बोटं आत मावायला हवीत, प्लग थोडा बाहेर ओढता यायला हवा. म्हणून वीतभर तार जास्त सोडली. मी कोण, कुठला, त्याला काय माहीत? पण सोडली.” त्यांनी प्लग अलगद बाहेर ओढला. तो सहज आला. “असं काम केलेलं दिसलं की दिवस बरा जातो.”

प्लग बाहेर आला, पण नव्या स्टिरिओच्या मागे तो बसणार नव्हता. दोघांच्या खाचा वेगळ्या आणि खाचांमागचं म्हणणंही वेगळं. जुना स्टिरिओ सीटखालच्या अँपशी हलक्या आवाजात बोलायचा आणि जोर अँप लावायचा. नवा पहिल्यापासूनच ओरडणार, आणि अँपला जाग आणायची वेगळी तार लागते हे त्याच्या गावीही नाही. मधे जोड द्यावा लागतो. मिस्त्री त्याला दुभाषा म्हणत. या मॉडेलसाठी तयार दुभाषा बाजारात मिळत नसे. तो त्यांनी आदल्या दिवशीच बनवून ठेवला होता. भंगारातल्या एका मेलेल्या स्टिरिओचं सॉकेट काढून, त्याच्या एकेक पायाला तार डाखून, प्रत्येक जोडावर नळी चढवून. एका बाजूला जुन्या गाडीचं तोंड, दुसऱ्या बाजूला नव्या स्टिरिओचं. उद्या कोणाला मूळ स्टिरिओ परत बसवावासा वाटला तर हा मधला तुकडा उपटला की झालं. गाडीला कळणारही नाही की मधे कोणी येऊन गेलं.

“दुपार कलली की या,” ते म्हणाले. “तोवर मी माझं करतो. मग ती खाली येईल, ऐकायला.”

निवेदिका निघाली. जाता जाता थांबून म्हणाली, “एक विचारू? तुमच्याकडून गाडी करून घेतलेल्या दोघांनी मला सांगितलं, काम एक नंबर, फक्त आरसा तेवढा हलवून देतात.”

“आतला?”

“हो. मागचं काही दिसत नाही म्हणे, परत लावून घ्यावा लागतो.”

मिस्त्रींनी टोपी काढून टकलावरून हात फिरवला. “हे लागत असणार. आत वाकलं की कुठे ना कुठे आपटतंच. तुमचा नाही हलायचा, मी बघतो.”

*

काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. दुकानाच्या वर दोन खोल्यांत त्यांचं घर होतं. लग्नाआधी आणि नंतरही बरीच वर्षं त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. कानाला यंत्र लावून हजारो माणसांची बोलणी जोडून देता देता त्यांना लाइनच ऐकू यायला लागली होती. नुसत्या गुणगुणीवरून त्या सांगत, की या तारेला पाणी लागलंय, त्या तारेचा जोड सैल आहे. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं, नोकरी संपली आणि काकू दुकानात येऊन बसायला लागल्या. पहिल्याच आठवड्यात, एक गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देताना त्या म्हणाल्या होत्या, “अहो, ही शिट्टी तशीच ठेवायची असते का?”

मिस्त्रींना तोवर शिट्टी ऐकूच आली नव्हती. गाडीच्या अल्टरनेटरची वीज स्पीकरमध्ये झिरपली की अशी शिट्टी येते. इंजिनाला रेस दिली की चढते, सोडली की उतरते. काकूंनी त्यांना शेजारी बसवून ऐकायला लावलं. “हे बघा. आता चढली. आता उतरली. आली का?” नाही आली. “परत.” चौथ्या-पाचव्या वेळी आली. मग पुढच्या गाडीत दारातली खरखर, त्याच्या पुढच्या गाडीत उलट्या जोडलेल्या स्पीकरचा पोकळपणा. असं करत करत दुकानाचा एक रिवाज पडला. मिस्त्री जोडायचे, काकू ऐकायच्या. डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून. त्यांनी “साफ” म्हटल्याशिवाय गाडी बाहेर जात नसे. लोक लांबून त्या एका शब्दासाठी येत. मिस्त्री स्वतः कधी मत देत नसत. कोणी विचारलंच तर म्हणत, “मला तारा कळतात. आवाज तिचं खातं.”

गेल्या हिवाळ्यात एकदा ते तारांचा मीटर तपासत होते. त्याची दोन टोकं एकमेकांना टेकवली की तो बारीक, तीक्ष्ण आवाजात वाजतो. तो वाजत होता. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “बॅटरी गेली वाटतं मीटरची.”

मिस्त्रींनी टोकं बाजूला केली. परत टेकवली. मीटर वाजला. काकू टेकलेल्या टोकांकडे पाहत होत्या.

“हो, गेली,” मिस्त्री म्हणाले. “बदलतो.”

त्यांनी चांगली बॅटरी काढून नवी घातली. टोकं टेकवली. काकूंनी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आता वाजतोय.”

बोलणं काकूंना येत होतं, असे तीक्ष्ण सूर येत नव्हते. तेव्हापासून मिस्त्रींनी हे कुणाला सांगितलं नाही, काकूंनाही नाही. कानाच्या डॉक्टरचा विषय काढायचा तर कारण सांगावं लागलं असतं. आणि जिला सगळी गल्ली कान म्हणून ओळखते, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की तुझा कान चाललाय? त्यांनी दुसरा रस्ता काढला. काकूंना खाली बोलावण्याआधी ते स्वतः गाडीत बसून ऐकत. रेस देत, सोडत, परत देत. काही असलं तर काढून टाकत. मग हाक मारत. गाडी आधीच साफ असली, की काकूंचं “साफ” खोटं ठरायची भीती नव्हती. त्यातून काकूही वर्षभरापासून पुढे बसायचं सोडून मागे बसायला लागल्या होत्या. “पुढे स्पीकर तोंडावर येतो, मागून खरं कळतं,” म्हणायच्या. मिस्त्रींना वाटायचं, लांब बसलं की कोणी कानाशी येऊन विचारत नाही, म्हणून असेल.

कधीकधी त्यांच्याकडून काहीतरी राहूनही जायचं आणि काकू ते नेमकं पकडायच्या. तेव्हा मिस्त्री कोड्यात पडायचे. काही सूर येत असतील, काही नसतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून ठेवली होती.

*

निवेदिका सांगितलेल्या वेळेच्या आधीच आली. मिस्त्रींनी नुकतीच डॅशबोर्डची शेवटची क्लिप बसवली होती. नवा स्टिरिओ असा बसला होता, की जणू कंपनीनेच दिला असावा. त्यांनी चौकटीची कड बोटाने चाचपली, समाधानाने मान हलवली, मग आठवणीने वर आरशाकडे पाहिलं. तो किंचित कलला होता. त्यांनी चालकाच्या सीटवर बसून तो नीट लावला, मागची काच पूर्ण दिसेल असा, आणि टोपी काढून, मान खाली घालून, जपून बाहेर आले.

“झालं?” निवेदिकेने विचारलं.

“झालं. म्हणजे, मला जरा एकदा—”

“मीपण बसते ना ऐकायला. आत्याला सगळं सांगावं लागणार आहे. काकू कुठायत?”

“आले, आले,” जिन्यावरून आवाज आला. काकू उतरत होत्या. खांद्यावर पिवळं फडकं होतं. निवेदिकेला पाहून त्या थबकल्या. “अगंबाई! तू होय? मला वाटलं तू वयाने मोठी असशील. बातम्या वाचताना कशी ठणकावून वाचतेस.”

“पगार त्याचाच मिळतो, काकू.”

टायरवाला फाटकाशी येऊन टेकला. गाडी ऐकताना तो हजर राहत असे, कारण नसताना. “काय काकू, आज पास की मुक्काम?”

“तुझं बरंय,” काकू म्हणाल्या. “हवा भरली की मोकळा. आमच्याकडे हवाच तपासावी लागते.”

मिस्त्री कसनुसे हसले. आधी स्वतः ऐकायचं राहून गेलं होतं. आणि आज शेजारी बसणार होती ती रोज कानाला यंत्र लावून स्वतःचाच आवाज तपासणारी बाई.

काकूंनी नेहमीप्रमाणे पुढचं दार उघडून फडकं फिरवलं. स्टेअरिंग पुसलं, नव्या स्टिरिओची काच पुसली, वरचा आरसा पुसला. गाडी परत देताना कळकट देऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्या वळसा घालून मागच्या सीटवर, डाव्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. निवेदिका पुढे बसली. मिस्त्री चालकाच्या जागी.

“काय लावू?” निवेदिकेने फोन काढला.

“काहीच नको,” काकू म्हणाल्या. “गाण्याखाली सगळं लपतं. आवाज मोठा करायचा आणि आत काही वाजवायचं नाही. मग गाडी स्वतः बोलते.”

“बातम्यांच्या आधी आम्हीसुद्धा असाच स्टुडिओ ऐकतो.” निवेदिकेच्या स्वरात आदर होता. तिने फोन मांडीवर पालथा ठेवला.

मिस्त्रींनी इंजिन चालू केलं, आवाजाचा आकडा वर नेला. स्पीकरमधून पानांची असावी तशी मंद, एकसारखी सळसळ आली. एवढी असायचीच. त्यांनी रेस दिली. रेसचा काटा चढला, उतरला. सळसळ तशीच राहिली.

“दिवे लावा,” काकू म्हणाल्या.

त्यांनी दिवे लावले.

“पंखा. मागच्या काचेचा हीटरसुद्धा.”

सगळं चालू झालं. इंजिनावर भार आला, ते जरा खाली बसलं. मिस्त्रींनी काट्यावर नजर ठेवून रेस दिली, आणि त्यांना ती ऐकू आली.

सुईच्या टोकाएवढी होती. काटा चढला तशी चढली. त्यांनी पाय सैल केला, ती उतरली. परत दिला. परत चढली. चूक कुठे झाली असेल तेही त्यांना तत्क्षणी कळलं. पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. शेजारी निवेदिकेने मान किंचित कलती केली होती.

आपण बोलावं? इतक्या वर्षांत ते कधी आधी बोलले नव्हते. आज बोलले तर मागे बसलेल्या बाईला, गिऱ्हाइकासमोर आणि फाटकाशी टेकलेल्या टायरवाल्यासमोर, सांगितल्यासारखं होतं की तुला ऐकू आलं नाही. आणि गप्प बसावं, तर ती आता “साफ” म्हणेल, आणि शेजारची बाई मान वळवून विचारेल, “अहो काकू, मग हे काय वाजतंय?” मिस्त्रींनी दात आवळले. खोकावं का, असा विचार त्यांच्या मनात आला. आयत्या वेळी खोकलासुद्धा येत नव्हता.

“बंद करा,” मागून काकू म्हणाल्या. “शिट्टी आहे.”

मिस्त्रींचा पाय रेसवरून सुटला.

“आहे ना?” निवेदिका गर्रकन मागे वळली. “मला वाटलं, पण म्हटलं पंख्याचा आवाज असेल.”

“पंखा घरघरतो,” काकू शांतपणे म्हणाल्या. “रेसबरोबर चढत नाही. अर्थिंग बघा, अहो. समोर कुठे दिलीय का?”

“डॅशबोर्डच्या पट्टीला.”

“आणि अँपची?”

“सीटखाली.”

“दोन ठिकाणी दोन. मग भांडणारच.”

टायरवाल्याने फाटकावर थाप मारली. “मुक्काम!”

“मुक्काम कसला,” मिस्त्री ओरडले. त्यांचा आवाज इतका खुशीत होता की टायरवाला चपापला. “आत्ता काढतो. चहा पिऊन ये, तोवर झालेलं असेल!”

आपल्या कामात शिट्टी सापडली म्हणून एवढा आनंद झालेला माणूस निवेदिकेने पाहिला नव्हता. मिस्त्री आडवे होऊन सीटखाली शिरले होते आणि गालिचा उचलता उचलता बडबडत होते. चूक त्यांचीच होती आणि ते ती मिरवत होते. सोय बघितली मी, जवळचा बोल्ट दिसला तिथे तार बांधली. पट्टीवर रंग आहे हे विसरलो. भार नसताना चाललं, भार आल्यावर उघडं पडलं. अँपची अर्थिंग जिथे आवळली होती तो बोल्ट त्यांनी शोधला, त्याभोवतालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, नव्या स्टिरिओची तार डॅशबोर्डाखालून, गालिच्याच्या कडेने तिथपर्यंत आणली आणि दोन्ही एकाच जागी आवळल्या. तार ओढून बघितली. मग वळणावर वीतभर सैल वेढा ठेवला.

“हा कोणासाठी?” निवेदिकेने विचारलं.

“तो जो येईल त्याच्यासाठी.”

काकू जिन्याच्या पायरीवर बसून हे सगळं पाहत होत्या. काम चालू असताना मिस्त्रींनी दोनदा मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना म्हणायचं होतं, आहे की तुझा कान जागेवर; मीच उगाच. पण ते म्हणाले, “पाणी दे गं जरा.”

पुन्हा तिघं आपापल्या जागी बसली. दिवे, पंखा, काच. मिस्त्रींनी रेस दिली. काटा पार वरपर्यंत गेला. सळसळ, आणि सळसळीपलीकडे काही नाही. त्यांचे खांदे आपोआप खाली आले.

“साफ,” काकू म्हणाल्या.

मग निवेदिकेने फोनवरून आत्याच्या आवडीची एक जुनी बंदिश लावली. समोरच्या काचेखालून तंबोरा उठला आणि सगळी गाडी भरून गेली. दारं, छत, सीटा, सगळं जणू त्यासाठीच घडवलेलं होतं. टायरवाला फाटकाचा टेका सोडून उभा राहिला. बंदिश संपेपर्यंत निवेदिका समोरच्या भिंतीवर टांगलेल्या पान्यांकडे पाहत होती.

“हीच,” ती शेवटी म्हणाली. “आत्याची गाडी अशीच वाजायची.” मग मागे वळून, हात जोडून म्हणाली, “काकू, तुमच्या कानाला नमस्कार.”

“कान काय, सवय असते,” काकू म्हणाल्या आणि दार उघडून उतरल्या. चहाची भांडी तशीच राहिली म्हणत वर गेल्या. फडकं सीटवर राहिलं.

निवेदिका चालकाच्या जागेवर बसली. पट्टा लावला, किल्ली फिरवली, वर पाहिलं आणि हसायला लागली.

“मिस्त्री, हलवलात ना शेवटी!”

“काय?”

“आरसा. मला मागची काच दिसायच्या ऐवजी मागच्या सीटचा कोपरा दिसतोय.”

“डोकं लागलं असेल,” मिस्त्री सवयीने म्हणाले. आणि थांबले.

डोकं लागलं नव्हतं. त्यांनी स्वतः बसून आरसा लावला होता, मान खाली घालून बाहेर आले होते. त्यानंतरचं सगळं काम सीटखालचं, गालिच्यावरचं. आरशाला त्यानंतर हात लागला होता तो एकच.

“थांबा,” ते म्हणाले. “मी लावतो.”

“अहो, मी लावते की.”

“नको. उतरा जरा. एक मिनिट.”

ती उतरली. मिस्त्री बसले. आरशाला हात न लावता त्यांनी त्यात पाहिलं. मागच्या सीटचा डावा कोपरा होता, चौकटीत बरोबर मधोमध, आणि त्यात पिवळं फडकं. तिथे बसलेल्या माणसाला या आरशात चालकाचं काय दिसत असेल, याचा हिशोब करायला तारा कळणाऱ्या माणसाला वेळ लागला नाही. कपाळ, भुवया, डोळे, आवळलेले दात.

फाटकाशी टायरवाला निवेदिकेला सांगत होता, की काकूंसारखा कान या गल्लीतच काय, कुठेच सापडायचा नाही. डोळे मिटतात आणि सांगतात.

“खरंच मिटतात?” निवेदिका म्हणाली. “मी पुढे होते, मला दिसलं नाही.”

“मिटतातच. सगळ्यांना माहितीय.”

मिस्त्रींनी आरसा सरळ केला. मागची काच पूर्ण दिसायला लागली, तिच्यातून फाटक, फाटकातून गल्ली. ते उतरले, फडकं उचलून घडी घातली आणि खांद्यावर टाकलं.

“आत्यांना सांगा,” ते म्हणाले, “एकही तार कापली नाही.”

गाडी गेल्यावर ते वर गेले. काकू त्यांच्याकडे पाठ करून भांडी विसळत होत्या. नळ बंद होईपर्यंत मिस्त्री दारात थांबले. मग त्यांनी खिशातून मीटर काढला आणि टोकं एकमेकांना टेकवली. मीटर वाजला. ते टेकवून उभे राहिले. मीटर वाजत राहिला. काकूंनी कपबशी पुसून फळीवर ठेवली, दुसरी उचलली, तिची कड निरखून पाहिली.

मिस्त्रींनी मीटर खिशात टाकला आणि जिन्यावर मुद्दाम पाय आपटत दोन पायऱ्या उतरून पुन्हा चढले. काकू वळल्या.

“गेली का ती?”

“गेली. खूश होऊन गेली.”

“शिट्टी तुम्हाला आली होती का हो?” काकूंनी सहज विचारल्यासारखं विचारलं. त्या त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होत्या.

“मला कुठली,” मिस्त्री म्हणाले. “मला तारा कळतात.”

*

दुसऱ्या दिवशी टायरवाल्याच्या मेहुण्याची गाडी आली. दारातला स्पीकर बदलायचा होता, साधं काम. दिवस ढगाळ होता, दुकानात अंधारून आलं होतं. मिस्त्रींनी काम संपवलं आणि हाक मारायच्या आधी चालकाच्या जागेवर जाऊन बसले. आज त्यांनी ऐकून पाहिलं नाही. काही असलं तर असू दे. त्यांनी हात वर करून आरसा फिरवला. थोडा जास्त झाला. थोडा परत आणला. मागच्या सीटचा डावा कोपरा चौकटीत मधोमध आला. मग त्यांनी आतला दिवा लावला, कपाळावरून टोपी काढून मांडीवर ठेवली आणि हाक दिली.

काकू फडकं घेऊन खाली आल्या. स्टेअरिंग पुसलं. काच पुसली. फडक्यासह हात आरशाकडे गेला आणि तिथेच थांबला.

टायरवाला आणि त्याचा मेहुणा फाटकाशी टेकून उभे होते.

काकूंनी आरसा पुसला. कडेकडेने, एका बोटाने, तो हलणार नाही असा. मग त्या वळसा घालून मागे गेल्या, कोपऱ्यात बसल्या आणि दार ओढून घेतलं.

“अहो,” त्या म्हणाल्या.

“हं?”

“द्या रेस.”